फळी टाकलीय

चादरी पोचवायच्या होत्या, बाकी काही नाही. मामाने गोष्ट सुरू केली ती अशी.

जेवणं उरकली होती. मामा खुर्चीत, आम्ही भावंडं पुढच्या पायऱ्यांवर. आत मावशी भांडी घासत होती. मावशी म्हणजे मामाची पाठची बहीण. मघाशी तिनेच पाण्याचा तांब्या आणून दिला होता, डाव्या हाताने. ती सगळं डाव्या हातानेच द्यायची. उजव्याला कायम फडकं गुंडाळलेलं. कधी काळी भाजला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो, विचारलं कोणी नव्हतं.

आमच्यातला धाकटा नवा काळा शर्ट घालून ऐटीत बसला होता. म्हणाला, "मामा, भूतबित काही नसतं हं. आधीच सांगतो."

"नसतंच," मामा म्हणाला. "असतं तर इतकी नालायक माणसं सुखाने म्हातारी झाली नसती. पण एकीला भोगावं लागलं, तेवढं मला माहीत आहे. ऐकायचं तर ऐक, नाहीतर आत जाऊन भांडी पूस."

कोणी उठलं नाही. मामा सांगू लागला.

मी तेव्हा लाँड्रीची गाडी चालवायचो. दवाखाने, वसतिगृहं, आणि शहर संपतं तिथलं एक दुमजली घर. डोक्याने विसरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवायचे. डिमेन्शिया म्हणतात त्याला. धुतलेल्या चादरी द्यायच्या, मळक्यांची गाठोडी न्यायची, एवढाच माझा संबंध. पण आठवड्यातून तीनदा जायचो, त्यामुळे घर पाठ झालेलं. प्रत्येक खोलीचं दार वेगळ्या रंगाचं. नंबर विसरतात, रंग त्यातल्या त्यात राहतो. आरशांवर पडदे, कारण आरशातला म्हातारा बघून एकेक जण विचारायचा, हा कोण घुसलाय माझ्या खोलीत? एका आजोबांनी त्याला रोज चहा विचारला आणि तो उत्तर देत नाही म्हणून शेवटी भांडण काढलं.

तिथे माझ्या ओळखीतली एक आया होती. नाव कशाला हवंय. शिकलेली बेताची, तोंडाने फटकळ, पण हात लोण्यासारखा. तिच्याकडे निळ्या दाराची एक आजी होती. जन्मभर पिठाची गिरणी चालवलेली बाई. नवरा विसरली, मुलगा समोर आला तर त्याला विचारायची, "दळण जाडं हवं की बारीक?" पण हात विसरले नव्हते. कोणी हात पुढे केला की त्याची बोटं चिमटीत धरून चोळायची, पीठ बघतात तसं. तीन बोटांनी. आणि सांगायची, "बारीक आलंय." म्हणजे माणूस बरा. एकदा घराचा कारभार बघणाऱ्या मेट्रनबाईचा हात धरला, चोळला, आणि म्हणाली, "कणी आहे. परत टाका."

सगळ्या आया तोंडात पदर कोंबून हसल्या. मेट्रन हसली नाही.

या मेट्रनला मागे सगळे कुलूप म्हणायचे. रोजच्या नोंदीच्या फळ्यावर सगळे कसे झोपलेले, जेवलेले, गप्प दिसले पाहिजेत. माणूस खोलीबाहेर दिसला की हिच्या कपाळाला आठी.

"मारायची का?" ताईने विचारलं.

मारलं असतं तर वळ दिसले असते. ती तेवढी मूर्ख नव्हती.

आता नीट ऐका, सगळं यावर आहे. त्या घरात एक चांगली पद्धत होती. घर ज्या डॉक्टरीणबाईंनी काढलं, त्यांनी घालून दिलेली. सोमवारी दुपारी सगळ्या आयांनी चहाला एकत्र बसायचं आणि प्रत्येकीने आपल्या माणसाची नवी कळलेली एक गोष्ट सांगायची. औषधाची नाही, माणसाची. कोणाला कुठलं गाणं लागतं, कोण कशाला भितं, कोणाला कशी हाक मारली की ओळख लागते. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आपण यांच्या लक्षात राहणार नाही, म्हणून हे आपल्याला पाठ पाहिजेत. बाई वारल्या, पण चहा चालू राहिला.

तर एका सोमवारी ही आया बोलली. आजी लहान असताना धाकट्या बहिणीला घेऊन विहिरीवर गेली होती. दोघींचे हात हातात. धाकटीचा पाय सरकला. हात सुटला... सगळी दुनिया विसरली ती बाई, पण ते नाही विसरली. जमिनीवर काळं काही दिसलं की तिला विहीर दिसते. संध्याकाळी व्हरांड्यात खांबाची सावली आडवी पडायची. तिच्यापाशी आजी थबकायची, लटलट कापायची. मग ही आया सावलीच्या पलीकडे उभी राहायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "आजी, फळी टाकलीय. या." आजी आधी बोटं चोळून बघायची. मग डोळे मिटून पाऊल टाकायची. दुसऱ्या कोणाच्या हातावर नाही यायची.

 एकीने नाक पुसलं. मेट्रनही ऐकत होती, कप हातात धरून.

दिवे लागले की आजीची चलबिचल सुरू व्हायची. लोक डबे घेऊन खोळंबले असतील, गिरणी उघडायचीय. दहादा बाहेर यायची. आया तिला व्हरांड्यातून दोन फेऱ्या मारून आणायची आणि शेवटच्या दाराशी सांगायची, "आजी, वीज गेलीय. आज गिरणी बंद." आजी म्हणायची, "मग काय इलाज," आणि सुखाने झोपायला जायची. दोन फेऱ्या. एवढंच लागायचं त्या बाईला.

पण मेट्रनला तेवढंही नको होतं. आणि बाहेरून कडी घालता येत नव्हती. आग लागली तर काय, म्हणून खोल्यांच्या दारांना कडीच ठेवायची नाही असा नियम. तपासणीला साहेब यायचे.

पुढच्या आठवड्यात निळ्या दारात नवं पायपुसणं आलं. रबरी. काळं कुळकुळीत. चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

धाकटा म्हणाला, "म्हणजे..."

म्हणजे काय. दार उघडं, माणूस आत. साहेब आले, दार उघडं बघितलं, खूश होऊन गेले.

आयाने ते पायपुसणं उचललं आणि मेट्रनच्या टेबलावर नेऊन आपटलं. म्हणाली, "बाई, आजीचं दुःख मी तुम्हाला सांगितलं ते तिला बाहेर आणता यावं म्हणून. तुम्ही त्याचीच कडी केलीत?"

मेट्रन म्हणाली, "दार उघडंच आहे ना? तिला यायचं तर यावं की. मी कुठे अडवलंय?"

"तुम्हालाही म्हातारपण आहे बाई."

"मला आहे. तुला नोकरी आहे का ते बघ."

दुसऱ्या दिवसापासून पायपुसणं परत दारात आणि आयाला फक्त दिवसाचं काम. अंधार पडायच्या आत घरी. म्हणजे आजीची वेळ यायची तेव्हा फळी टाकायला कोणी नाही. रोज संध्याकाळी आजी त्या काळ्यापर्यंत यायची, काठावर उभी राहायची, हाका मारायची. मग हळूहळू हाकाही कमी झाल्या. मेट्रन सगळ्यांना सांगायची, बघा, किती शांत झाली.

ऑगस्टात एका रात्री आजी गेली.

सकाळी आधी पोचली ती आयाच. आजी दारात पडली होती, आतल्या बाजूला. छातीत दुखलं असणार. उठून दारापर्यंत आली होती, मदत मागायला. बाहेर चार पावलांवर घंटा होती. पायांची बोटं मागे आखडलेली. उजवा हात पायपुसण्यावरून पलीकडे ताणलेला, आणि तीन बोटं अशी... जुळलेली. हात शोधत होती ती. चोळून बघायला.

शेजारच्या पिवळ्या दाराचे आजोबा म्हणाले, रात्रभर कोणीतरी फळी मागत होतं. पण त्यांचं कोण ऐकतो. ते रोज काहीतरी ऐकायचे. मेट्रन खाली टीव्ही बघत होती.

मेट्रनने आधी काय केलं असेल? पायपुसणं गुंडाळून कपाटामागे टाकलं. मग आजीला पलंगावर ठेवायला लावलं. मग डॉक्टरला फोन. "झोपेत गेली," म्हणाली. मालकाकडे आया जाऊन आली, तर तो म्हणाला, "अहो, म्हातारी सुटली. तुम्हीपण सोडा आता."

आयाने पायपुसणं शोधून काढलं आणि मागच्या आवारात जाळलं. राख होईपर्यंत उभी होती, मी बघितलंय. मी म्हटलं, तू सोड ही नोकरी, थुंक या घरावर. तर म्हणाली, "मी गेले तर इथे तिची आठवण कोणाला राहील?"

मामा थांबला. पाणी प्यायला. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

आता त्या रात्रीचं. नोव्हेंबरमधला दुसरा शुक्रवार. टायर बसला म्हणून मला पोचायला उशीर झाला, पावणेदहा झाले होते. रात्रीची आया आजारी, म्हणून आमच्या आयाला थांबवून घेतलेलं. मेट्रनही होती, कारण सकाळी निळ्या दारात नवी बाई यायची होती आणि खोली लावायची होती. बाकीच्या दोघी आया त्या खोलीत रात्री पाय ठेवायला तयार नव्हत्या. मेट्रन म्हणाली, "खायला पुढे आणि कामाला मागे. द्या इकडे." माझ्या हातातल्या दोन चादरी ओढल्या आणि स्वतः वर गेली. मी खाली बाकावर बसलो. आया मळकी गाठोडी आणायला तिच्या मागून वर गेली.

पुढचं मी बघितलं नाही. आयाने मला सांगितलं, त्याच रात्री, गाडीत.

वर व्हरांड्यात एकच दिवा चालू होता. सगळी दारं शांत. आयाने गाठोडं उचललं आणि मेट्रनची हाक आली.

"कोणी टाकलं हे परत?"

आया निळ्या दाराशी गेली. दार उघडं. आत पलंगावर चादर अर्धी घातलेली. मेट्रन दाराच्या आत उभी, खाली बघत होती.

"काय टाकलं, बाई?"

"नाटकं करू नकोस. काढ ते."

आयाने खाली बघितलं. पांढरी फरशी. दुपारीच पुसलेली.

"इथे काही नाही, बाई. या की बाहेर."

मेट्रनने पाय उचलला. पुढे नेला. तसाच मागे घेतला. हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, "काय घाण वारं येतंय खालून."

फरशीतून वारं.

"दिवा लाव नीट," मेट्रन म्हणाली.

"लावलेला आहे."

मग तिने चप्पल काढली. पायातली, रबरी तळाची. वाकून दारात टाकली. आया समोर उभी होती. तिने चप्पल हातातून सुटताना बघितली. फरशीवर आवाज व्हायला हवा होता.

नाही झाला.

चप्पल नव्हती. फरशी होती, चप्पल नव्हती.

दोघी ऐकत राहिल्या... बराच वेळ. मग खालून, खूप खालून...

टुब्.

पायऱ्यांवर आमच्यातलं कोणी हललं नाही. मामानेही घाई केली नाही.

मेट्रनने दोन्ही हातांनी चौकट धरली. पांढरीफटक पडलेली. आवाज बारीक झाला, लहान पोरीसारखा.

"हात दे."

आया उभी.

"ए... हात दे ना. मला येता येत नाहीये."

"दार उघडं आहे, बाई."

"पाया पडते तुझ्या."

आया मला म्हणाली, मी वळले होते. खरंच वळले होते. जाऊ दे मरू दे, राहू दे तिथेच. ऑगस्टातली ती तीन बोटं माझ्या डोळ्यांपुढे होती. पण मागून ती रडायला लागली. आणि मी आया आहे. काठावर कोणी रडत असलं की माझा हात आपोआप जातो.

तिने हात पुढे केला. उजवा. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं.

"फळी टाकलीय. या."

दिवा मंद झाला.

हातात हात आला. गार. हलका. हाडं नुसती.

आणि त्या हाताने तिची बोटं चिमटीत धरली. चोळली. हळू. एकदा. परत एकदा.

आयाने वर बघितलं. मेट्रन समोरच होती. तिचे दोन्ही हात... चौकटीवर.

दोन्ही.

आया ओरडली नाही. हात सोडलाही नाही. एकदा सुटलेला हात होता तो, परत कसा सोडणार. ती एक पाऊल मागे सरली आणि ओढलं. हळूच, रोजच्यासारखं.

कोणीतरी अलीकडे आलं.

वजन नव्हतं. नुसता पिठाचा वास. गरम, नुकत्या दळलेल्या पिठाचा. आयाच्या बाजूने गेला. व्हरांड्यातून, खांबापासून, शेवटच्या दाराकडे. तिथे आया रोज सांगायची, वीज गेलीय, आज गिरणी बंद. त्या रात्री नाही सांगितलं.

मी खाली बाकावर होतो. मी एवढंच बघितलं. जिन्यातल्या आरशावरचा पडदा हलला. आणि पुढचं दार... जे आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही, ते उघडं होतं.

वर मेट्रन बोलत होती. "आता मला. आता मला घे."

आयाने आपल्या हाताकडे बघितलं. मग मेट्रनकडे.

"फळी आजी घेऊन गेली, बाई."

आणि गाठोडं उचलून खाली आली.

मामाने खुर्चीत पाठ टेकली. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा उजेड पायऱ्यांवरून सरकला.

"मग?" धाकटा म्हणाला. 

मग सकाळी मेट्रन काठावर बसलेली सापडली. नखं तुटलेली, एका पायात चप्पल. चौघांनी उचलून बाहेर काढली, तर पांढऱ्या फरशीवरून नेताना ओरडली ती अख्ख्या घराला ऐकू गेली. धरा, सोडू नका, धरा. दवाखाने झाले. डॉक्टर म्हणाले, तिलाही तोच आजार आहे, लवकर लागला एवढंच. नवरा नव्हता, मुलाला जमेना. शेवटी तिथेच आणून ठेवली. यायची होती ती नवी बाई हे ऐकून आलीच नाही, आणि दुसरी खोली रिकामी नव्हती.

"निळी?" ताई म्हणाली.

निळी. आतापण आहे. संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहते, हाका मारते. नव्या आया चांगल्या आहेत, हात पुढे करतात. ती कोणाचाच धरत नाही. दारात काहीच टाकलेलं नाही, पांढरी फरशी आहे. दार दिवसरात्र उघडं असतं.

 मग धाकट्याने विचारलं, "आणि ती आया? ती कुठे असते?"

मामाने तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून टाकलं. तांब्या उपडा घातला.

आतला भांड्यांचा आवाज कधी थांबला होता ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. मावशी मागे दारात उभी होती, ओल्या हातांनी. फडकं काढलेलं.

"झालं का तुझं सांगून?" ती मामाला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रोज कोणाला तरी सांगतोस. उठा रे पोरांनो, गार पडलंय." आणि पायरीवर पेंगल्यासारख्या बसलेल्या धाकट्याला उठवायला तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

आम्ही आत आलो. दिव्याखाली आल्यावर ताईने त्याचा खांदा धरून वळवला.

काळ्या शर्टावर तीन बोटं उमटली होती. पांढरी. कोरडी.

त्याने झटकली. मग ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी आईने साबण लावून शर्ट धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली.

शर्ट अजून कपाटात आहे. दार उघडलं की आधी पिठाचा वास येतो.